भिंत कशाची, त्यावर घराचा गारवा

गोव्यातील खेड्यापाड्यांत मातीच्या जुन्या घरांच्या जागी सिमेंटच्या ठोकळ्यांची घरे उभी राहिली आहेत. पावसाळ्यात भिंत ढासळण्याचे भय त्यामुळे सरले, हा लाभ लहान नाही. परंतु चैत्र-वैशाखात याच घरांतील वृद्ध माणसे अंथरूण उचलून पडवीत येतात. भिंत मजबूत झाली, पण घर तापू लागले. असे का होते, हे नवे घर बांधणाऱ्याने जाणून घेणे हिताचे ठरेल.

भिंतीतून उष्णता किती येते, हे मुख्यतः तिच्या पदार्थावर व जाडीवर अवलंबून असते. घट्ट काँक्रीट भाजलेल्या विटेपेक्षा सुमारे दुप्पट उष्णतावाहक आहे. कच्ची वीट व भाजलेली वीट यांत मात्र फारसे अंतर नाही. मग मातीचे घर थंड का? कारण त्याची भिंत दीड-दोन फूट जाड असे. दुपारचे ऊन आतील बाजूस जाणवेपर्यंत रात्र होई. सहा इंची ठोकळ्याच्या भिंतीत ही उसंत मिळत नाही.

गोमंतकाचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो व उघड्या हवेत कठीण होतो. त्याच्या छिद्रांतील स्थिर हवा उष्णतेला अडविते. तीच छिद्रे पाण्याने भरली, तर हा गुण घटतो. कारण पाणी स्थिर हवेपेक्षा वीसपटींहून अधिक उष्णतावाहक आहे. म्हणूनच पूर्वजांनी उंच जोते व रुंद वळचण राखली. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करणेही इष्ट नव्हे. आत शिरलेली ओल त्यामागे कोंडून राहते व भिंत पोखरते. तेथे माती किंवा चुन्याचा गिलावाच योग्य होय.

मात्र जाड भिंत सर्वत्र सारखीच उपयोगी पडत नाही. बेळगावच्या पूर्वेकडील पठारी भागात उन्हाळ्यात दिवस तापतो, रात्र निवते. तेथे जाड भिंत रात्री थंड होऊन दुसऱ्या दिवशी कामी येते. किनाऱ्यावर रात्रही उबदार व दमट असते. तेथे भिंतीबरोबर समोरासमोरच्या खिडक्या व वाहता वारा हवाच.

ज्यांना जाड भिंत परवडत नाही, त्यांनाही उपाय आहेत. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवल्यास उष्णता अडते व सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात. वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रूढ केली. हवेची सूक्ष्म छिद्रे असलेला हलका ठोकळा विटेच्या सुमारे एक चतुर्थांशच उष्णता वाहून नेतो. पश्चिमेच्या भिंतीवर पडवी किंवा झाडाची सावली व बाहेरून पांढरा चुना, हे तर अल्प खर्चाचे उपाय होत.

एकमजली घरात सर्वाधिक उष्णता छपरातून येते, हेही विसरता कामा नये. भिंत कितीही उत्तम असली, तरी उघड्या काँक्रीटच्या छतापुढे तिचे फारसे चालत नाही. केंद्र शासनाने २०१८ साली जाहीर केलेल्या इको निवास संहितेतही भिंती व छप्पर या दोहोंसाठी मर्यादा घालून दिल्या आहेत.

घर एकदाच बांधले जाते. त्यातील उन्हाळे मात्र दरवर्षी येतात. गवंड्याशी दराची बोलणी करताना भिंतीची जाडी, दिशा व सावली यांचीही चर्चा झाली, तर विजेचे बिल कमी येईल आणि घरातील लहान-थोरांना सुखाची झोप लागेल.