‘तेव्हा घेऊन ठेवला असता तर...’ : एकाच शेअरच्या परताव्याचं गणित

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आकडे भरभर गेले होते, म्हणून इथे नीट मांडलेत. कॅल्क्युलेटर हाताशी असू द्या.

विषय तुमच्या ओळखीचा आहे. रील येतं : "अमुक शेअरमध्ये तेव्हा एक लाख टाकले असते, तर आज इतके कोटी झाले असते." आकडा बऱ्याचदा बरोबरही असतो. पण त्या दोन तारखांच्या मध्ये काय काय झालं, हे रील सांगत नाही. आज आपण तेच बघू.

आधी सगळ्यात गाजलेलं उदाहरण

अ‍ॅमेझॉनचा शेअर मे १९९७ मध्ये नॅसडॅकवर आला. आयपीओचा भाव १८ डॉलर. नंतर चार वेळा स्प्लिट झाला : एकाचे दोन, मग तीन, मग पुन्हा दोन, आणि २०२२ मध्ये एकाचे वीस. सगळ्यांचा गुणाकार केला तर एका शेअरचे २४० झाले. २०२४ च्या शेवटी भाव होता साधारण २१९ डॉलर. म्हणजे १८ डॉलरचे ५२ हजारांहून जास्त. जवळपास २,९०० पट. चक्रवाढीने वर्षाला साधारण ३३ टक्के.

आता मधली वर्षं बघा. डिसेंबर १९९९ मध्ये, त्या वेळच्या हिशोबाने, शेअर १०६ डॉलरच्या आसपास बंद झाला होता. ऑक्टोबर २००१ मध्ये तो सहा डॉलरच्याही खाली होता. ९४ टक्के घसरण! एक लाखाचे सहा हजारही उरले नाहीत. जेफ बेझोस यांनी शेअरधारकांना २००० सालासाठी लिहिलेल्या पत्रात स्वतःच सांगितलं, की मागच्या पत्रापासून शेअर ८० टक्क्यांहून जास्त पडलाय. १९९९ चा भाव परत दिसायला ऑक्टोबर २००९ उजाडलं. म्हणजे शिखरावर घेणाऱ्याला जवळपास दहा वर्षं शून्य परतावा. मधेच २००८ मध्ये शेअर पुन्हा निम्म्याहून जास्त आपटला. २०२२ मध्येही एका वर्षात जवळपास निम्मा झाला.

त्या शिखरावर घेऊन २०२४ पर्यंत थांबलेल्याला वर्षाला साधारण १६ टक्के मिळाले. उत्तमच. पण तीच कंपनी, तोच शेअर, आणि अडीच वर्षं उशिरा घेतला म्हणून ३३ चे १६.

तसाच चार्ट, वेगळा शेवट

आता पुण्यात येऊ. पवनचक्क्या बनवणारी सुझलॉन. जानेवारी २००८ मध्ये हा शेअर ४०० रुपयांच्या वर होता. मग जागतिक मंदी आली, डोक्यावर कर्जाचा डोंगर होता, आणि २०१२ मध्ये कंपनीला परदेशी रोख्यांचे पैसे वेळेवर फेडता आले नाहीत. मार्च २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास आला. चहाच्या कटिंगपेक्षा स्वस्त.

पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये तो ८० रुपयांच्या वर गेला. यावर दोन रील्स बनू शकतात, आणि दोन्ही खरी. पहिली : "साडेचार वर्षांत ४० पट!" दुसरी : "साडेसोळा वर्षं थांबून अजून ८० टक्के तोट्यात." तुमच्या फीडमध्ये कुठली येते, ते तुम्हाला माहीत आहेच.

त्याच २००८ च्या पडझडीत निफ्टीही साधारण ६० टक्के पडला होता. पण नोव्हेंबर २०१० मध्ये तो जुन्या पातळीवर परतला. निफ्टीत पन्नास कंपन्या असतात, आणि मागे पडलेली कंपनी यादीतून काढून तिच्या जागी दुसरी घेतली जाते. एकटा शेअर धरणाऱ्याला ही सोय नाही.

सरासरी आपल्याला कशी फसवते

एक काल्पनिक शेअर घ्या. दरवर्षी नाणं उडवायचं. छापा आला तर ६० टक्के वर, काटा आला तर ४० टक्के खाली. सरासरी काढली तर वर्षाला १० टक्के फायदा. वाटतं, मस्त आहे की!

पण एक छापा आणि एक काटा आला तर? १०० चे १६०, मग १६० चे ९६. दोन वर्षांत चार टक्के गेले. क्रम उलटा केला तरी ९६ च. वीस वर्षांत दहा छापे, दहा काटे आले, तर एक लाखाचे साधारण ६६ हजार उरतात.

मग ती १० टक्क्यांची सरासरी गेली कुठे? ती थोड्याशा नशीबवानांच्या खिशात असते. असा शेअर शंभर जणांनी वीस वर्षं धरला आणि प्रत्येकाने आपापलं नाणं उडवलं, तर सरासरी रक्कम येते पावणेसात लाखांच्या जवळ. तरीही शंभरातल्या साधारण ५९ जणांचं मुद्दल घटलेलं असतं. रील बनते ती सगळ्यात वरच्या एक-दोघांवर.

प्रत्यक्ष बाजारातही चित्र असंच दिसतं. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक हेन्ड्रिक बेसेमबाइंडर यांनी १९२६ ते २०१६ या काळातले तिथले हजारो शेअर तपासले. दर सातपैकी चार शेअर्सनी त्यांच्या पूर्ण आयुष्यात सरकारच्या एक महिन्याच्या ट्रेझरी बिलापेक्षाही कमी परतावा दिला. आणि बाजाराने ट्रेझरी बिलांच्या वर जी काही निव्वळ संपत्ती तयार केली, ती जेमतेम चार टक्के कंपन्यांमधून आली. अ‍ॅमेझॉन त्या चार टक्क्यांत बसते. २००१ मध्ये शेअर सहा डॉलरवर असताना ते कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं.

मग आपल्या आरएसयूंचं काय?

हा भाग आपल्या आयटीवाल्या दोस्तांसाठी. माझ्याही पगाराचा एक भाग कंपनीच्या शेअर्समध्ये येतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही घरचा आहे.

आरएसयू व्हेस्ट होतात त्या दिवशीच्या बाजारभावाने ते पगारात धरले जातात आणि त्यावर आयकर लागतो. नंतर शेअर पडला, तरी त्या दिवशीचा कर परत मिळत नाही. म्हणून व्हेस्ट झालेला शेअर तसाच ठेवणं म्हणजे त्या दिवशीच्या भावाने तो रोख पैसे देऊन घेण्यासारखंच आहे. स्वतःला एकच विचारा : बोनस रोख आला असता, तर सगळाच्या सगळा आपल्या कंपनीच्या शेअरमध्ये टाकला असता का?

दुसरी गोष्ट, पगार आणि बचत एकाच खुंटीवर टांगलेली असतात. २०२२ मध्ये मेटाचा शेअर ६० टक्क्यांहून जास्त पडला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने ११,००० लोकांना कमी केलं. फ्लॅटचं डाउन पेमेंट त्याच शेअरमध्ये असेल, तर नोकरी आणि घर दोन्ही एकदम हलतात.

माझी पद्धत साधी आहे. व्हेस्ट झाले की बहुतेक विकतो आणि इंडेक्स फंडात टाकतो. थोडे ठेवतो, पण इतकेच, की उद्या त्यांची किंमत शून्य झाली तरी घराचा हप्ता थांबणार नाही. यात एखादी अ‍ॅमेझॉन हातून निसटेलही. ती किंमत मला परवडते.

तुम्हाला एखाद्या कंपनीवर खरंच विश्वास असेल, तर शेअर जरूर ठेवा. फक्त आधी तो ९४ टक्के पडलाय असं समजून कागदावर हिशोब करा. एक लाखाचे सहा हजार. पुढची आठ वर्षं तो भाव परत येणार नाही. मधल्या काळात घरात लग्न आहे, आईबाबांचं आजारपण आहे, ईएमआय आहे. तरीही विकावा लागणार नसेल, तर तेवढी रक्कम तुम्हाला झेपणारी आहे.

मी सेबी-नोंदणीकृत सल्लागार नाही, इंजिनिअर आहे. हे शिकण्यासाठी आहे, शिफारस नाही. पुढच्या भागात बघू, इंडेक्स फंडातला ‘ट्रॅकिंग एरर’ म्हणजे काय. तोवर काळजी घ्या!