चौदा बादल्यांचा वसंत

गेल्या माघात, वसंतपंचमी उलटून दोन दिवस झाले असतील-नसतील, वाशिमच्या जुन्या वस्तीतील ज्या वाड्याच्या मागील दोन खोल्यांत मी १९७० पासून अकरा वर्षे भाडेकरू म्हणून काढली, त्या वाड्याच्या परसातील विहीर मलबा लोटून बुजविण्यात आली आणि तुळशीवृंदावनापासून थेट मागील दिंडीपर्यंत लाल-करडे गट्टू अंथरण्यात आले, ही वार्ता मालकीणबाईंच्या नातवाने मला मोठ्या उत्साहाने दूरध्वनीवरून कळविली. वर, "काका, आता पावसाळ्यात चिखल नाही होणार, गाडी डायरेक्ट आत येते," अशी पुरवणीही जोडली. मी "बरे झाले" म्हणालो. बरे काहीही झालेले नव्हते.

वास्तविक या गावाच्या प्राचीन नावातच झुडूप आहे. वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी; गुल्म म्हणजे झुडूप, जाळी; आणि राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह लाविला तो याच नगरात, त्याला मदनाचे क्रीडास्थान ठरवून. मदन जेथे नांदतो तेथून त्याचा सखा वसंत कोठे जाणार? वाकाटकांनंतरची शतके मी ओलांडून जातो, कारण त्या काळच्या परसबागांचे दप्तर कोणी राखलेले नाही. इंग्रजी अमलात वाशिम जिल्हा झाले, १९०५ साली तो जिल्हा मोडून तालुका अकोल्याच्या पदरात पडला, १ जुलै १९९८ रोजी जिल्हा परत मिळाला. या मधल्या त्र्याण्णव वर्षांपैकी बहुतेक वर्षे माझ्या लेखी फेरफाराच्या नोंदीपलीकडे जात नाहीत. बोलावयाचे आहे ते त्या अकरा वर्षांविषयी, कारण ती मी जगलो आणि त्यांचे हिशेब अजून चुकते व्हावयाचे आहेत.

पंचांगातील वसंत चैत्र-वैशाखाचा. वऱ्हाडात मात्र तो माघातच दाखल होतो, फाल्गुनात पळस आणि काटेसावर यांच्या फांद्यांवर आपली मोहोर उठवितो, आणि चैत्र अर्धा होतो न होतो तोच सारा कारभार ग्रीष्माच्या स्वाधीन करून निघून जातो. म्हणून आमच्याकडे बाग राखणाऱ्याने वसंतात पहिला हिशेब मांडावयाचा तो पाण्याचा. कोणते झाड ज्येष्ठापर्यंत न्यावयाचे आणि कोणते वाऱ्यावर सोडावयाचे, याचा निकाल माघातच करावा लागतो. वाड्याची विहीर फाल्गुनात तळ दाखवू लागे, तेव्हा मालकीणबाई, ज्यांना आम्ही सारे बिऱ्हाडकरू काकू म्हणत असू, प्रत्येक बिऱ्हाडास दिवसाला चौदा बादल्या मुक्रर करीत. दहा घरखर्चाला, चार बागेला; शिवाय मोरीचे सांडपाणी. रद्द झालेल्या पेरेपत्रकांच्या कोऱ्या पाठींवर मी त्याची नोंद ठेवीत असे: झाडाचे नाव, बादल्या, शेरा. एखादे गुलाबाचे कलम कोणी फाल्गुनात आणून दिले, तर शेऱ्याच्या रकान्यात 'तहकूब' असे लिहून ते मी पावसाळ्यापर्यंत शेजारच्या सावलीत ठेवी. ही शिस्त मला एका वृद्ध फुलमाळ्याने लाविली होती. त्याच्याकडे मी एकदा चैत्रात जाईचे रोप मागावयास गेलो, तर त्याने रोप दिले नाही, उलट तपासणी घेतली: "भाऊ, आता लावसान त रोज एक बादली लागीन. हाये काय तुमच्याजोळ?" नव्हती. मी रिकाम्या हाताने परतलो.

परसाचे वैभव म्हणजे काकूंचा बटमोगरा. माघात त्याची पाने हाताने ओरबाडावयाची, शेंडे छाटावयाचे, बुंध्याची माती उकरून मुळ्यांना पंधरा दिवस ऊन दाखवावयाचे आणि तितके दिवस पाण्याचा थेंबही द्यावयाचा नाही; मंगरूळपीरकडचे संत्रेवाले आंबिया बहारासाठी झाडांना ताण देतात, तेच हे तंत्र. मग शेणखत घालून पहिली बादली. आठ-दहा दिवस काहीच घडत नसे, आणि नंतर एका सकाळी काष्ठवत् काड्यांच्या प्रत्येक डोळ्यावर मोहरीएवढा हिरवा ठिपका उमटलेला दिसे. मोरीच्या कडेला दोडकी व कारली, आणि तारेच्या कुंपणापाशी भेंडी. भेंडीचे वाण दिल्लीच्या कृषी अनुसंधान संस्थेचे, 'पुसा सावनी'. केवडा रोगाला दाद देत नाही अशी तिची ख्याती होती, आणि माझ्याच कुंपणापाशी, पांढऱ्या माशीचे थवे उठून तिच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या तेव्हा, मी ती ख्याती लयास जाताना पाहिली. पुढे 'परभणी क्रांती' आली, ती केवड्याला पुरून उरली. परंतु तोवर माझी बदली झाली होती.

१९७२ चा पावसाळा कोरडा गेला. पुढच्या माघात चौदा बादल्यांच्या सहा झाल्या, बागेचा वाटा शून्य. त्या वसंतात रस्तोरस्ती खडी फोडणाऱ्यांचे तांडे बसले होते आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळत होती, जिची भाकर थापताना काकू तिला नावे ठेवीत. नेमक्या त्या फाल्गुनात एका कचेरीच्या साहेबांना, वरिष्ठांचा दौरा ठरला म्हणून, आवारात हिरवळ असावी असा साक्षात्कार झाला. बाहेरगावाहून ट्रकभर हरळीची ढेपे आली, आणि ज्या टँकरची वाट पाहत बाया हंडे लावून बसत, त्याच टँकरची नळी दोन प्रहरी त्या हरळीवर फिरू लागली. मी तेथलाच कारकून; तोंडी बोलण्याची प्राज्ञा नव्हती, म्हणून टिपणीवर 'पाण्याच्या उपलब्धतेबाबत खुलासा व्हावा' एवढेच अदबीने लिहिले. खुलासा माझ्याकडूनच मागविण्यात आला. वैशाखात ती हिरवळ काथ्यासारखी झाली; साहेब त्यापूर्वीच बढतीवर गेले होते. मोगरा मात्र काकूंनी भांडी विसळलेल्या पाण्यावर जगविला, फुलला नाही तरी.

त्या दशकात रोपे विकत घेण्याची चाल नव्हती. भिंतीवरून बियाणे येई, चिंधीच्या पुरचुंडीत. परतफेड पुढच्या वर्षी, दुप्पट नसली तरी मुद्दलासह अवश्य. मोगऱ्याच्या गजऱ्यात मरवा शेजारचा, चैत्रात देवाला दवणा तिसऱ्या घरचा. दवणा आता त्या आळीत कोणाच्या परसात नाही. पैनगंगेच्या वाळूत माघात खड्डे घेऊन, शेणखत भरून डांगरे लावणाऱ्या वाड्याही मी पाहिल्या आहेत; त्या ज्या वाळूत होत, तिचा पुष्कळसा भाग ट्रकांतून गावोगावच्या स्लॅबांत गेला, आणि उरलेल्या पात्रात बॅरेजचे पाणी उभे असते. त्या पाण्यावर काठची शेती भिजते, हे मला मान्य आहे. मान्य करताना आनंद होत नाही, इतकेच.

आजचे वसंत-वर्तमान म्हणाल, तर शिवारात रिसोड-मालेगावकडे हळदीची काढणी चालते, कढयांत ती शिजते, आणि कित्येक शेतांत चिया नावाचे परदेशी बियाणे मळणीला आलेले असते, ज्याचा लिलाव वाशिमच्या बाजारात होतो आणि ज्याला म्हणे रोहीसुद्धा तोंड लावीत नाहीत. शेतकऱ्याला दोन पैसे मिळोत. माझी तक्रार घरच्या बागेविषयी आहे. माघ लागला की रस्त्याच्या कडेला काळ्या पिशव्यांतील पिटुनिया आणि डेलिया मांडले जातात, लोक ते हौसेने नेतात, थंड देशांतील छायाचित्रे पाहून रंगसंगती जुळवितात, आणि रामनवमीपर्यंत त्या कुंड्या भंगारात निघतात. त्या लोकांपैकी कोणालाही 'एक बादली हाये काय' असे विचारणारा माळी भेटलेला नसतो.

बदलीच्या वेळी काकूंनी बटमोगऱ्याचे एक दाबकलम ओल्या फडक्यात बांधून दिले होते. त्याचाच वंश आज मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरील गच्चीत, फुटक्या माठात आहे. यंदाही त्याची पाने मी ओरबाडली. परवा त्या नातवाचा पुन्हा फोन आला: गट्टूंवर कुंड्या मांडावयाच्या आहेत, आजीच्या मोगऱ्याची एखादी फांदी मिळेल काय? पाणी कोठून आणशील, असे मी विचारले, तेव्हा तो क्षणभर थांबून म्हणाला, "टँकर आहे ना, काका." अर्ज मी दाखल करून घेतला आहे. शेरा: तहकूब.