वादळ मतं नेत नाही, मतदान केंद्रं नेतं

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचं मतदान होतं मंगळवारी, ६ नोव्हेंबर २०१२ला. सँडी हे चक्रीवादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर ब्रिगँटिनजवळ आदळलं सोमवारी, २९ ऑक्टोबरला, रात्री आठच्या सुमारास. मधे उरले आठ दिवस. बराक ओबामा आदल्या रात्रीच फ्लोरिडात ऑरलँडोला पोचले होते. सकाळी बिल क्लिंटन यांच्यासोबत मोठी सभा होती. ती क्लिंटन यांच्यावर सोपवून ते व्हाइट हाउसला परतले. त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी यांनी दुसऱ्या दिवशी ओहायोतल्या आपल्या सभेचं रूपांतर मदतसाहित्य गोळा करण्याच्या कार्यक्रमात केलं. वाहिन्यांवर मात्र एकच चर्चा चालू होती: या वादळाचा फायदा कुणाला?

त्यानंतरच्या प्रत्येक वादळात हाच प्रश्न विचारला गेला आहे. माझ्या मते तो चुकीच्या दिशेनं नेणारा प्रश्न आहे. वादळ एका पक्षाची मतं उचलून दुसऱ्याच्या पारड्यात टाकतं, याचा पुरावा फार कच्चा आहे. ते मतदाराला त्याच्या मतदान केंद्रापासून तोडतं, याचा पुरावा मात्र भक्कम आहे. तो तुटलेला दुवा जोडायचा की नाही, हे दोन-तीन आठवड्यांत थोडेच अधिकारी ठरवतात. तिथे फारसं कुणाचं लक्ष नसतं.

सँडीचंच बघू. त्या दिवशी पौर्णिमा होती, त्यामुळे भरती मोठी. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला पाण्याची पातळी सुमारे १४ फुटांवर गेली. भुयारी रेल्वेत समुद्र शिरला, ईस्ट रिव्हरलगतच्या वीज उपकेंद्रात स्फोट झाला आणि मॅनहॅटनचा खालचा भाग अंधारात गेला. न्यूयॉर्कचा शेअर बाजार दोन दिवस बंद राहिला. हवामानामुळे सलग दोन दिवस बंद राहण्याची वेळ त्याच्यावर १८८८नंतर पहिल्यांदाच आली होती. न्यू जर्सीत लाखो घरांची वीज गेली, पेट्रोल पंपांवर मैलभर रांगा लागल्या. एडिसन, इझलिन या भागांत मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी आईवडिलांनी ते दिवस फोन लागतो का हे बघण्यात काढले.

अशा अवस्थेत मतदान घ्यायचं होतं आणि ते पुढे ढकलण्याची सोय नव्हती. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ही तारीख अमेरिकी काँग्रेसनं १८४५च्या कायद्यानं ठरवून दिली आहे. ती बदलण्याचा अधिकार अध्यक्षाला नाही. हा कायदा झाला तेव्हा वादळं काही कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती; शेतीची कामं आणि घोडागाडीचा प्रवास होता. अटलांटिकमधला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. म्हणजे दर वेळी ही निवडणूक वादळांच्या हंगामातच येते.

न्यूयॉर्क शहरात सुमारे ६० मतदान केंद्रं हलवावी लागली. त्यामुळे जवळपास १ लाख ४३ हजार मतदारांच्या केंद्राचा पत्ता बदलला, तोही मतदानाच्या अगदी तोंडावर, आणि यातल्या अनेकांच्या घरी ना वीज होती ना इंटरनेट. रॉकअवेसारख्या किनारी भागात तंबू ठोकून, जनरेटर लावून मतदान झालं. गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांनी आदल्या दिवशी आदेश काढला, की वादळग्रस्त भागातल्या मतदारांना राज्यात कुठल्याही केंद्रावर प्रतिज्ञापत्राच्या मतपत्रिकेवर मत देता येईल. निर्णय चांगलाच. पण तो राबवताना काय होतं ते पाहा. मतदार दुसऱ्या भागातल्या केंद्रावर गेला, तर त्याच्या हातात त्या भागाची मतपत्रिका येते. त्याचं अध्यक्षपदाचं आणि सिनेटचं मत धरलं जातं. पण आपल्या विभागाच्या विधानसभा प्रतिनिधीसाठी तो मत देऊच शकत नाही. ज्याचं घर वाहून गेलं, त्याचाच आवाज त्याच्या गल्लीचा प्रतिनिधी निवडताना गायब.

न्यू जर्सीनं आणखी धाडसी मार्ग धरला. मतदानाला तीन दिवस उरले असताना, घर सोडावं लागलेल्या मतदारांना परदेशस्थ मतदारांसारखं मानून ईमेलनं किंवा फॅक्सनं मत देण्याची मुभा दिली. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात मतदारानं आधी काउंटी क्लार्ककडे अर्ज ईमेल करायचा, मग मतपत्रिका यायची, ती भरून परत पाठवायची, मत गुप्त राहणार नाही याला लेखी संमती द्यायची आणि शिवाय कागदी प्रत पोस्टानंही पाठवायची. एरवी सैनिक आणि परदेशस्थ मतदारांपुरती चालणारी ही व्यवस्था एका रात्रीत अख्ख्या किनाऱ्यासाठी उघडली. क्लार्क कार्यालयांचे इनबॉक्स तुंबले, आलेले ईमेल परत जाऊ लागले. एका काउंटीत तर क्लार्कनं आपला खासगी ईमेल पत्ता जाहीर केला. शेवटी मुदत शुक्रवारपर्यंत वाढवावी लागली. त्या माणसांच्या धडपडीबद्दल मला आदरच वाटतो. पण मतदानासारख्या गोष्टीची पर्यायी व्यवस्था आधी तयार नसणं, तीही इतक्या श्रीमंत राज्यात, हे अक्षम्य आहे.

निकाल सर्वांना माहीत आहे. ओबामा ३३२ विरुद्ध २०६ इलेक्टोरल मतांनी जिंकले. न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी ऑगस्टमध्ये रिपब्लिकन अधिवेशनात मुख्य भाषण केलं होतं. तेच ३१ ऑक्टोबरला ओबामांसोबत हेलिकॉप्टरमधून किनाऱ्याची पाहणी करत होते, जाहीर कौतुकही करत होते. त्यामुळे 'सँडीनं रॉम्नींना हरवलं' ही कथा पसरली. पण न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी ही राज्यं डेमोक्रॅटिक पक्षाकडे जाणार हे आधीच पक्कं होतं. खरी लढत ज्या ओहायोत होती, तिथे ओबामा वादळाआधीच्या चाचण्यांतही थोडे पुढे होते. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत २००८च्या तुलनेत मतदान घटलं, आणि मला तीच बातमी मोठी वाटते.

मतदार आपत्तीची शिक्षा सत्ताधाऱ्याला देतो का, यावर राज्यशास्त्रात जुना वाद आहे. ख्रिस्तोफर एकेन आणि लॅरी बार्टल्स या अभ्यासकांनी याच न्यू जर्सी किनाऱ्यावरचं १९१६चं उदाहरण काढलं. त्या जुलैत शार्कच्या हल्ल्यांत चार जण मेले, पर्यटन बुडालं आणि किनाऱ्यालगत तेव्हाचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांची मतं घटली, असा त्यांचा दावा. पुढे इतरांनी तीच आकडेवारी तपासून तो फेटाळला. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा यांचा २००९चा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांना आढळलं, की आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्याला मतदार मत देतात, आपत्तीआधी तयारीवर खर्च करणाऱ्याला देत नाहीत. तयारीवरचा एक डॉलर पुढचं सुमारे १५ डॉलरचं नुकसान टाळतो, हा हिशेबही त्यांनीच मांडला. म्हणजे ताडपत्री वाटणाऱ्याला मतं, बंधारा बांधणाऱ्याला काही नाही. हे आपल्याकडेही कुणाला नव्यानं सांगायला नको.

मतदान केंद्राच्या मुद्द्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा फ्लोरिडातून आला. १० ऑक्टोबर २०१८ला मायकेल हे वादळ ताशी १६० मैल वेगानं मेक्सिको बीचजवळ धडकलं. मतदान ६ नोव्हेंबरला. गव्हर्नर रिक स्कॉट यांनी आठ काउंट्यांसाठी नियम शिथिल केले: लवकर मतदानाचे दिवस वाढवले, टपाली मतपत्रिका दुसऱ्या पत्त्यावर मागवणं सोपं केलं आणि मतदान केंद्रं एकत्र करण्याची परवानगी दिली. बे काउंटीत ४४ केंद्रांऐवजी ६ उरली. ज्याची गाडी झाडाखाली चिरडली आहे, रस्त्यावर खांब आडवे पडले आहेत, त्यानं कित्येक मैल दूरच्या केंद्रावर जायचं कसं? केविन मॉरिस आणि पीटर मिलर यांनी या आठ काउंट्यांची मतदार यादी तपासली. केंद्रं जितकी दूर गेली, तितकं मतदान घसरलं. टपाली मतदानाच्या सवलतींनी ती तूट भरून निघाली नाही. दोष पावसापाण्यापेक्षा अंतराचा होता.

स्कॉट स्वतः त्याच निवडणुकीत सिनेटचे उमेदवार होते आणि ८० लाखांहून अधिक मतांत अवघ्या १०,०३३ मतांनी जिंकले. वादळाचा हा पट्टा त्यांच्याच पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे डाव साधला असा आरोप टिकणार नाही. पण उमेदवारानंच आपल्या निवडणुकीचे आपत्कालीन नियम ठरवावेत, हे कुणालाही खटकायला हवं. अमेरिकेत निवडणुका राज्यं आणि काउंट्या घेतात. देशभर हुकूम चालेल असा निवडणूक आयोग तिथे नाही. याउलट २०१९च्या मे महिन्यात फणी चक्रीवादळ पुरीला धडकण्याआधी आपल्या आयोगानं ओडिशाच्या ११ जिल्ह्यांतली आचारसंहिता उठवली, म्हणजे बचावकार्याला अडथळा नको. पाटकुरा मतदारसंघाचं रखडलेलं मतदानही आणखी पुढे नेलं. संपूर्ण देशासाठी असं करू शकणारी यंत्रणा अमेरिकेत नाही.

वादळानं इतिहासाला धक्का दिला असं म्हणता येईल असं एक उदाहरण आहे, पण ते अमेरिकेतलं नाही. १२ नोव्हेंबर १९७०च्या रात्री भोला चक्रीवादळानं पूर्व पाकिस्तानात किमान तीन लाख माणसं गिळली. सार्वत्रिक निवडणूक ७ डिसेंबरला होती. इस्लामाबादच्या सरकारची मदत इतकी संथ होती, की बंगालच्या मनातली आधीचीच तेढ उघडी पडली. वादळग्रस्त जागांचं मतदान जानेवारीत झालं. शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं पूर्वेकडच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या. स्वायत्ततेच्या सहा कलमी कार्यक्रमावर मुजीब बहुधा जिंकणारच होते. वादळानं बंगालच्या रागाला प्रेतांचा पुरावा दिला.

सप्टेंबर २०२४मध्ये हेलेन आलं तेव्हा जुन्या अनुभवाचा उपयोग झालेला दिसला. फ्लोरिडात शिरलेल्या या वादळानं शेकडो मैल आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात, अ‍ॅशव्हिलच्या परिसरात हाहाकार माजवला. गावं दरडींखाली गेली, टपाल बंद पडलं, आणि हे राज्य अटीतटीच्या लढतीचं. त्यातच फेमा ही केंद्रीय आपत्ती संस्था घरटी फक्त ७५० डॉलर देणार अशी आवई उठली. प्रत्यक्षात ती तातडीची पहिली रक्कम होती. खुलासे करता करता संस्थेच्या नाकी नऊ आले. राज्याच्या निवडणूक मंडळात दोन्ही पक्षांचे सदस्य असतात. त्यांनी ७ ऑक्टोबरला एकमतानं ठराव करून सर्वाधिक नुकसान झालेल्या १३ काउंट्यांना केंद्रं हलवण्याची, कर्मचारी बदलण्याची मोकळीक दिली. रोख केंद्रं कमी करण्यावर नव्हता, ती उभी ठेवण्यावर होता. १७ ऑक्टोबरला लवकर मतदान सुरू झालं तेव्हा २५ आपद्ग्रस्त काउंट्यांतल्या ठरलेल्या ८० केंद्रांपैकी ७६ उघडी होती. मतदानाच्या दिवशी काही ठिकाणी तंबू उभारले गेले. राज्य डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेलं, आणि डोंगरातलं मतदान राज्याच्या सरासरीच्या मागे पडलं नाही.