घड्याळातील माणूस

पूर्वी लग्नघरी मुहूर्ताची वेळ साधण्यासाठी घटिकापात्र मांडीत असत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक लहानशी वाटी तरंगत ठेवलेली असे. तिच्या बुडाला बारीक छिद्र असे. त्या छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरे आणि चोवीस मिनिटे होताच वाटी भरून बुडे. ही एक घटका. अशा साठ घटका झाल्या, की एक अहोरात्र पुरे होई. 'घटका भरली' हा वाक्प्रचार या इवल्याशा वाटीनेच आपल्या भाषेला दिला आहे.

घटिकापात्राजवळ बसलेल्या माणसास केवळ वेळ कळत नसे. काळ कसा भरत जातो, हे त्याला डोळ्यांनी दिसे. पुढे काट्यांची घड्याळे आली आणि त्यानंतर नुसते आकडे दाखविणारी घड्याळे आली. वेळ अधिक अचूक कळू लागली खरी. परंतु काळाचे जाणे मात्र दिसेनासे झाले. ते पुन्हा दिसावे, म्हणून आपल्या काळातील काही कलावंतांनी संगणक, पडदा आणि चलच्चित्र यांच्या साहाय्याने नवलाची घड्याळे घडविली आहेत.

नेदरलँड्स देशात अ‍ॅमस्टरडॅम शहराजवळ स्खिपोल नावाचा मोठा विमानतळ आहे. तेथे २०१६ साली मार्टेन बास या कलावंताने एक भव्य, वाटोळे घड्याळ बसविले. त्याच्या धूसर तबकडीमागे निळ्या पोशाखातील एक माणूस उभा असलेला दिसतो. त्याच्या हाती रंग आहे व पुसण्याचे फडके आहे. तो रंगाने तासकाटा व मिनिटकाटा काढतो. एक मिनिट झाले, की मिनिटकाटा पुसून टाकतो आणि किंचित पुढे नवा काढतो. विमानाची वाट पाहणारा प्रवासी हे पाहून थबकतो. 'हा बिचारा दिवसभर आत काम करीत असतो की काय?' असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो.

वस्तुतः घड्याळात कोणीही नसते. जे दिसते, ते बारा तासांचे एक अखंड चलच्चित्र होय. मात्र बारा तासांत मिनिटे सातशेवीस असतात; तेव्हा या चित्रातील माणसाला काटा पुसून पुन्हा काढण्याचे काम तितक्याच वेळा करावे लागते. याच कलावंताने २००९ साली दुसरे एक घड्याळ दाखविले होते. त्यात जमिनीवर केरकचऱ्याच्या दोन लांब रांगा दिसतात. दोन झाडूवाले त्या रांगा झाडीत झाडीत पुढे सरकवितात. त्या रांगा हेच त्या घड्याळाचे काटे! आपला प्रत्येक मिनिट कोणाच्या ना कोणाच्या श्रमावर पुढे सरकत असतो, हे ही दोन घड्याळे एक शब्दही न उच्चारता सांगतात.

स्वीडनमधील स्टॉकहोम येथील कलावंतांच्या एका जोडीने याहून वेगळी युक्ती योजिली. त्यांनी काट्यांची चोवीस लहान घड्याळे तीन ओळींत मांडली. प्रत्येक ओळीत आठ. या सर्वांचे अठ्ठेचाळीस काटे संगणकाच्या आज्ञेने फिरतात. ते पक्ष्यांच्या थव्याप्रमाणे गिरक्या घेतात आणि ठरल्या क्षणी असे स्थिर होतात, की त्यांच्या रेषांतून चार मोठे आकडे उमटतात. सहा घड्याळे मिळून एक आकडा होतो. एकेकट्या घड्याळाकडे पाहिले, तर काहीच अर्थबोध होत नाही. सर्व एकत्र आली, म्हणजेच वेळ कळते.

ख्रिश्चन मार्क्ले या कलावंताने तर चित्रपटांचेच घड्याळ केले. हजारो चित्रपटांतून घड्याळे किंवा वेळेचे उल्लेख असलेले तुकडे निवडून त्याने ते वेळेनुसार जोडले. २०१० साली प्रसिद्ध झालेली ही कृती पूर्ण चोवीस तासांची आहे. प्रेक्षागृहाबाहेर दुपारचे तीन वाजले असतील, तर पडद्यावरील घड्याळातही तीनच वाजलेले असतात.

संगणकाच्या पडद्यावर रंगांचे घड्याळही करता येते. पडद्यावरील प्रत्येक ठिपका तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने बनतो. आता तासांना तांबडा, मिनिटांना हिरवा आणि सेकंदांना निळा प्रकाश नेमून द्यावा. संख्या वाढेल तसा तो तो प्रकाश वाढवावा. मध्यरात्री तिन्ही संख्या शून्य असल्यामुळे पडदा काळाभोर दिसेल. मग दर सेकंदाला निळी छटा थोडी थोडी चढेल, मिनिट पुरे होताच ती मावळेल आणि हिरवी छटा किंचित उजळेल. दिवसाच्या अखेरच्या सेकंदाला तिन्ही प्रकाश पूर्ण होऊन पडदा पांढराशुभ्र होईल. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे या घड्याळात ८६,४०० रंग येऊन जातील, आणि एकदा गेलेला रंग त्या दिवशी पुन्हा दिसणार नाही.

चित्र कितीही मनोहर असले, तरी घड्याळाने खरी वेळ सांगितलीच पाहिजे. हे बंधन या कलावंतांनी आनंदाने पाळले आहे. संगणकातील वेळ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. सामान्यतः असा स्फटिक एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावतो. तरीही त्यात बारीकशी चूक साचत जाते. म्हणून संगणक मधूनमधून आंतरजालाच्या द्वारे प्रमाणवेळेशी आपली वेळ पडताळून पाहतो. ही प्रमाणवेळ अणुघड्याळांवरून ठरते. भारताची प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते.

आता पुन्हा त्या निळ्या पोशाखातील माणसाकडे वळू. साठ सेकंदांनी आपल्याच हाताने पुसावी लागणार, हे ठाऊक असूनही तो प्रत्येक रेषा नीट, सरळ आणि मन लावून काढतो. गेलेला मिनिट त्याला राखून ठेवता येत नाही. आपल्यालाही येत नाही. परंतु हाती असलेल्या मिनिटाची रेषा कशी काढावी, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती असते. घटिकापात्रातील पाण्याप्रमाणे काळ नकळत भरत जातो. घटका भरण्यापूर्वी त्याच्याकडे डोळे उघडून पाहावयास शिकविणे, हेच या घड्याळांचे खरे काम होय.