फाशाची किंमत किती?

क्वांट रिसर्चरच्या, म्हणजे गणिताने बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाच्या, मुलाखतीत शेअर बाजाराचा विषय निघायच्या आधी बऱ्याचदा फासा निघतो. जितका आकडा पडेल तितके डॉलर तुमचे. हा खेळ खेळायला किती मोजाल? सरासरी ३.५, म्हणून त्याहून जास्त नाही. मग सवलत मिळते: आकडा आवडला नाही तर एकदा पुन्हा टाका. आता ४ किंवा वर आले तर थांबायचे, एरवी परत टाकायचे. किंमत होते ४.२५. तिसरी संधी दिली की थांबायची रेषाच सरकते. पहिल्या फेकीत ४ पडले तरी पुन्हा टाकणेच फायद्याचे!

नाण्याचा प्रश्न अधिक खट्याळ. लागोपाठ दोन छापे पडायला सरासरी ६ फेकी लागतात, छाप्यामागोमाग काटा पडायला मात्र ४च. पहिल्या खेळात मध्येच काटा आला की सगळे मुळापासून. दुसऱ्यात जादा छापा आला तरी हातातला छापा शाबूत राहतो.

ही कोडी आता गुपित नाहीत. शिनफेंग झोऊ यांच्या २००८ च्या पुस्तकासारखे संग्रह उमेदवार कोळून पितात. म्हणून मुरलेला परीक्षक अट बदलतो आणि विचार मोठ्याने करायला लावतो. तिथे पाठांतर उघडे पडते.

या नोकरीसाठी वित्तशास्त्राची पदवी नसली तरी बिघडत नाही. गणितज्ञ जिम सायमन्स यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या रेनेसान्स टेक्नॉलॉजीजने वॉल स्ट्रीटवरच्या अनुभवी मंडळींपेक्षा गणितज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञांनाच पसंती दिली.