परदेशाहून येताना आणलेले खाद्यपदार्थ व बी-बियाणे : सीमाशुल्क तपासणी आणि शेतकऱ्याचे हित

मंठा हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण मुंबईपासून चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. कापूस, सोयाबीन, तूर व हरभरा पिकविणाऱ्या या भागातील शेतकऱ्यास बंदर, विमानतळ व सीमाशुल्क हे विषय परके वाटावेत, हे स्वाभाविक होय. तथापि आज खेड्यापाड्यांतूनही माणसे परदेशी जातात. कोणी हजयात्रेस जातो, कोणी आखाती देशांत नोकरीस असतो, तर कोणाची मुले शिक्षणासाठी अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात राहतात. परतताना प्रत्येकाच्या पेटीत घरच्यांसाठी काही ना काही खाऊ असतो. आणि शेतकऱ्याच्या घरचा माणूस असेल, तर एखादे नवलाचे बी अथवा कलमाची काडीही असते. या लहानशा भेटीतून गावाच्या पिकांवर मोठे संकट ओढवू शकते. म्हणून विमानतळावरील तपासणी कशासाठी असते व तेथे कसे वागावे, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

तपासणीची आवश्यकता

कीड व रोग यांना स्वतःच्या पायांनी समुद्र ओलांडता येत नाही. ती बहुधा माणसाच्या सामानातून, धान्यातून, रोपांतून व मातीतून प्रवास करतात. नव्या देशात त्यांचे नैसर्गिक शत्रू नसल्याने त्यांची वाढ अनिर्बंध होते.

गाजरगवताचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. मूळ अमेरिका खंडातील हे तण १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. आयात केलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असावे, असे मानले जाते. आज मंठ्याच्या माळरानावर, बांधावर व रस्त्याच्या कडेला ते उभे आहे. त्याच्या संसर्गाने अंगास खाज सुटते, दम्याचा विकार बळावतो व निंदणीचा खर्च वाढतो. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूर येथे प्रथम आढळला व दोन वर्षांच्या आत पुणे भागातील बागांत पोहोचला. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत व २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. यांतील प्रत्येक कीड प्रवाशाच्या पेटीतूनच आली असे नव्हे. परंतु एकदा शिरलेली कीड परत घालविता येत नाही, हा धडा मात्र सर्वांतून मिळतो.

मंठ्याच्या पिकांना कशाचे भय?

काही भयंकर किडी अद्याप भारतात आलेल्या नाहीत. कापसाच्या बोंडावरील मेक्सिकन सोंड्या भुंगा ही त्यांपैकी एक होय. हा भुंगा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात शिरला व पुढील तीस वर्षांत त्याने तेथील बहुतेक सर्व कापूस प्रदेश व्यापला. त्याच्या भयाने १९०६ मध्येच हिंदुस्थान सरकारने परदेशी कापसाच्या गाठींना विषारी धुरी देणे सक्तीचे केले. पुढे १९१४ मध्ये विनाशकारी कीटक व रोगांविषयीचा कायदा झाला. गुलाबी बोंडअळीने आधीच गांजलेल्या कापूस उत्पादकावर आणखी एक शत्रू ओढवू नये, यासाठी ही पहाऱ्याची व्यवस्था शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

दुसरी कीड म्हणजे भूमध्य प्रदेशातील फळमाशी. आफ्रिकेत व पश्चिम आशियातील अनेक देशांत ती आहे. भारतात तिने मूळ धरलेले नाही. संत्रा-मोसंबीवर्गीय फळे तिला विशेष मानवतात. मादी फळाच्या सालीखाली अंडी घालते, त्यामुळे बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळातही अळ्या असू शकतात. जालन्याच्या मोसंबीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या बागांजवळ परदेशी फळाची किडकी साल उकिरड्यावर फेकली जाणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

हा व्यवहार एकतर्फी नाही. दक्षिण आशियातील ताडवर्गीय झाडांवरील लाल सोंड्या भुंगा १९८० नंतरच्या दशकात रोपांबरोबर आखाती देशांत गेला व तेथील खजुराच्या बागांची त्याने मोठी हानी केली. आपल्याकडील धान्यातील खापरा भुंगेऱ्याच्या भीतीने अमेरिकेत भारतातून येणाऱ्या प्रवाशाच्या सामानातील तांदूळही घेऊ दिला जात नाही. प्रत्येक देश आपल्या शेतीचे रक्षण करीत असतो. भारतही तेच करतो.

कोणती वस्तू कशी समजावी?

रोपे, बी-बियाणे व इतर वनस्पतिजन्य माल यांची आयात वनस्पती संगरोध आदेश, २००३ अन्वये नियंत्रित केली जाते. संगरोध म्हणजे लोक ज्यास क्वारंटाईन म्हणतात ती अटकाव व तपासणीची पद्धती होय. सामान्य प्रवाशाच्या दृष्टीने वस्तूंचे पुढीलप्रमाणे वर्ग पाडता येतील.

पहिला वर्ग प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांचा. बिस्किटे, चॉकलेट, भाजून दळलेली कॉफी, डबाबंद पदार्थ व कारखान्यात बंद केलेली पाकिटे यांपासून कीड येण्याचा संभव अल्प असतो. खजूर आणावयाचा झाल्यास तो सुटा न आणता अशा बंद पाकिटातच आणावा.

दुसरा वर्ग ताजी फळे, भाज्या, फुले व कच्चे धान्य यांचा. हे पदार्थ अवश्य जाहीर करावेत. ते नेऊ द्यावेत की नाही, हे तपासणी अधिकारी ठरवितो.

तिसरा वर्ग पेरणीचे बी, रोपे, कंद व कलमाच्या काड्या यांचा. यांसाठी येथील आयात परवाना व ज्या देशातून माल आणावयाचा त्या देशाच्या शासनाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, अशी दोन्ही कागदपत्रे आधीच मिळवावी लागतात. मूठभर बी आहे, म्हणून त्यास सूट मिळेल, असे समजू नये. मुळांस चिकटलेली माती अथवा कंपोस्ट आणण्यास मनाई आहे. कारण सूत्रकृमी व बुरशी यांचे ते घरच होय.

चौथा वर्ग मांस, मासळी, कोंबडीचे पदार्थ व दूधदुभत्याचे पदार्थ यांचा. यांतून जनावरांचे रोग येऊ शकतात. म्हणून तेही जाहीर करणे बंधनकारक आहे.

विमानतळावरील क्रम

विमानातून उतरल्यावर प्रथम पारपत्राची तपासणी होते. नंतर प्रवासी आपले सामान ताब्यात घेतो व सीमाशुल्क विभागाकडे येतो. तेथे दोन मार्ग असतात. ज्याच्याजवळ शुल्क देण्याजोगी, बंदी असलेली अथवा जाहीर करावयाची कोणतीही वस्तू नाही, त्याने हिरव्या मार्गाने जावे. इतरांनी लाल मार्गाने जावे.

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ७७ नुसार आपल्या सामानात काय आहे, हे सांगण्याची जबाबदारी प्रवाशावर असते. घोषणेच्या विहित नमुन्यात मांस, मासळी व दुग्धजन्य पदार्थ यांविषयी, तसेच बियाणे, रोपे, फळे व फुले यांविषयी स्वतंत्र प्रश्न असतात. त्यांची उत्तरे खरी लिहावीत. लिहिता न येणाऱ्याने संकोच न करता अधिकाऱ्यास तोंडी विचारावे. वनस्पतिजन्य वस्तू असल्यास ती वनस्पती संगरोध अधिकाऱ्याकडे पाठविली जाते. तपासणीनंतर वस्तू परत मिळते, तिच्यावर औषधोपचार केला जातो, अथवा ती काढून घेऊन नष्ट केली जाते.

जाहीर केल्याने वस्तू हातची जाईल, या भीतीने अनेक जण ती कपड्यांत दडवितात. हा समज अहिताचा आहे. खरे सांगणाऱ्याची फार तर ती वस्तू जाते. दडविणाऱ्याची वस्तू जप्त होतेच, शिवाय त्यास दंड होऊ शकतो. करमुक्त सामानाच्या मूल्याची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते. म्हणून निघण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत.

जातानाही अशीच दक्षता आवश्यक आहे. आपल्या स्वयंपाकघरातील खसखस सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिराती येथे अमली पदार्थांत गणली जाते व ती जवळ बाळगणे हा तेथे गंभीर गुन्हा ठरतो. खसखस घातलेला मसाला वा मिठाईही सोबत देऊ नये.

चांगले वाण येण्याचा मार्ग बंद नाही

परदेशी बियाणे म्हणजे वाईट, असा याचा अर्थ नव्हे. मंठा तालुक्यात आज मोठ्या क्षेत्रावर घेतले जाणारे सोयाबीन १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील वाण पंतनगर व जबलपूर येथे तपासल्यानंतरच व्यापारी पीक म्हणून पुढे आले. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगेराही १९८३ मध्ये रीतसर आणून, बंगळूर येथे त्याची परीक्षा करून, १९८४ मध्ये सोडण्यात आला. तण आले ते चोरपावलांनी आणि त्याचा शत्रू आला तो राजमार्गाने, हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

गावातील कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

१. परदेशी जाणाऱ्या व तेथे असलेल्या व्यक्तींच्या कुटुंबीयांस वरील माहिती निघण्यापूर्वीच द्यावी.

२. परदेशी बी घरात आलेच असेल तर ते पेरू नये, उकिरड्यावर वा ओढ्यात टाकू नये व शेजाऱ्यास वाटू नये. बंद पिशवीत घालून मंठा येथील तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यावे.

३. २०२० मध्ये अनोळखी ठिकाणांहून टपालाने आलेल्या बियाण्यांच्या पाकिटांविषयी केंद्र शासनाने सावध केले होते. न मागविलेले असे पाकीट आल्यास ते न फोडता कळवावे.

४. पिकावर अपरिचित कीड वा रोग दिसल्यास नमुना बंद बाटलीत ठेवून खरपुडी अथवा बदनापूर येथील कृषी विज्ञान केंद्राचा, किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा.

५. चूक सांगणाऱ्यास दरडावू नये. भीतीने दडविलेले बी शेतात उगवते. विश्वासाने सांगितलेले बी कार्यालयात पोहोचते.

विमानतळावरील काही मिनिटांचा विलंब प्रवाशास जाचक वाटतो. परंतु तेथे अडविलेली एक कीड पुढे हजारो शेतकऱ्यांची फवारणी वाचविते. परदेशाहून येणाऱ्याने आप्तांसाठी खाऊ अवश्य आणावा. मात्र तो जाहीर करूनच घरी न्यावा. त्यातच त्याच्या घरचे व शिवारातील सर्वांचे हित आहे.