बरणीतले चार राखणदार



एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मसाला गल्लीत शिरलं की आधी ठसका लागतो आणि मग मिरचीचा ढीग दिसतो. मिरची-धणे भाजून डंकावर कुटायचे, दादरच्या बाजारातून कैरी आणायची, गच्चीवर पापड-कुरडया घालायच्या. पावसाळ्याची ही बेगमी गिरगावपासून परळपर्यंतच्या चाळींत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. हल्ली मात्र तरुण मुली आम्हाला एक नवा प्रश्न विचारतात. परदेशातल्या बायका काचेच्या बाटल्यांत भाज्या, फळं, रस्सेसुद्धा भरून वर्षभर ठेवतात. ते आपल्याला घरी जमेल का?

जमेल. पण काय भरायचं आणि काय नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. इथे गडबड झाली तर नुसतं अन्न वाया जात नाही, जिवावर बेतू शकतं.

आधी आपली जुनी बरणी पाहू. तिच्यातला जिन्नस टिकतो तो चार राखणदारांमुळे: मीठ, साखर, आंबटपणा आणि कोरडेपणा. अन्न नासवणाऱ्या जंतूंना वाढायला पाणी लागतं. मीठ आणि साखर ते पाणी धरून ठेवतात, जंतूंना मिळू देत नाहीत. वाळवणात आपण पाणीच काढून टाकतो. आणि पुरेसं आंबट असेल तिथे बहुतेक घातक जंतू वाढत नाहीत. मोरांब्याला साखर राखते, सोडे आणि सुक्या बोंबलांना कोरडेपणा. आमसुलाला आंबट आणि कोरडेपणा दोन्ही. कैरीच्या लोणच्याला मीठ आणि आंबट. म्हणून किलोभर कैरीला २०० ग्रॅमच्या आसपास मीठ घालतात, ते केवळ चवीसाठी नव्हे.

मग तेल? तेल राखणदार नाही, ते झाकण आहे. वरची हवा अडवतं म्हणून बुरशी येत नाही, एवढंच त्याचं काम. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लोणच्यातलं मीठ कमी केलंत, तर वर कितीही तेल ओता, ते लोणचं फ्रीजमध्येच ठेवायला हवं.

आता बाटलीबंद साठवण. यात पाचवा राखणदार येतो, उष्णता. फ्रान्समध्ये निकोला ॲपेर नावाच्या माणसाने अन्न काचेच्या बाटलीत भरून, बूच घट्ट बसवून, ती बाटली उकळत्या पाण्यात ठेवली. अन्न टिकलं. १८१० साली त्याला सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. पण ते का टिकतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. जंतूंचं कोडं पुढे पाश्चरने उलगडलं.

उकळतं पाणी बहुतेक जंतू मारतं, सगळे नाही. बोट्युलिझम हा विषबाधेचा रोग ज्या जंतूमुळे होतो, तो मातीत असतो आणि त्याचे बीजाणू १०० अंशालाही तग धरतात. त्याला हवा नको असते. म्हणजे आपण घट्ट झाकण लावून त्याला हवं तसं घरच करून देतो. त्याचं विष शरीर लुळं पाडतं, श्वाससुद्धा बंद पाडतं. आणि बाटली उघडल्यावर वास, रंग, चव यांवरून ते ओळखता येईलच असं नाही. त्याला अडवतो तो आंबटपणा. शास्त्रज्ञ आंबटपणा पीएच या आकड्यात मोजतात. आकडा जितका लहान तितकं आंबट. ४.६ च्या खाली तो वाढत नाही.

यातून घरच्यासाठी सरळ नियम निघतो. आंबट असेल तेच बाटलीत भरून उकळावं. मटार, फरसबी, मका, वरण, मटणाचा रस्सा, ओल्या नारळाचं वाटण असलं काही बाटलीबंद करून कपाटात ठेवू नये. त्याला दाबाखालची १२१ अंशांच्या आसपासची उष्णता ठरावीक वेळ लागते. घरचा कुकर त्यासाठी बनवलेला नाही. तो पटकन तापतो, पटकन निवतो, बाटलीच्या पोटात उष्णता पोचली की नाही हे कळायला मार्ग नाही. हे जिन्नस फ्रीजरमध्येच ठेवा. सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची सवय असेल, तर तीही मोडा.

सुरुवात टोमॅटोने करा. तो काठावरचा आंबट, म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाव चहाचा चमचा लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घालायचंच. टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून सोलावेत, चिरून-ठेचून पाच मिनिटं उकळावेत. गरम बाटलीत गरमच भरावेत, वर अर्धा इंच जागा सोडावी, काठ पुसावा, नवं झाकण लावावं. मोठ्या टोपात तळाला जाळी किंवा जाड फडकं ठेवून बाटल्या उभ्या कराव्यात. पाणी झाकणावर एक इंच हवं. खळखळून उकळी आली की तिथून ३५ मिनिटं मोजावीत. बाहेर काढून दिवसभर हलवू नयेत. झाकण मधोमध आत ओढलं गेलेलं दिसलं तर बाटली बंद झाली. दाबल्यावर टक्‌कन वाजलं तर ती फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवा. पुढे कधी झाकण फुगलं किंवा गळलं, तर चाखून न पाहता फेकून द्या.

आमरसाचं काय? पिकलेल्या आंब्याचं आंबटपण पेटीगणिक बदलतं, म्हणून नुसता रस फ्रीजरमध्ये ठेवा, किंवा आंबापोळी घाला.

हे सगळं दहा बाय बाराच्या खोलीत कसं जमवायचं, असंही बायका विचारतात. स्वावलंबन म्हणजे स्वतःचं शेत आणि परसबाग, असं इथे कुणाला परवडणार? आपली जमीन म्हणजे सामाईक गच्ची. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तोच आजचा लिज्जत पापड. पहिल्या वर्षी पावसाने चार महिने काम बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. पावसातही पापड वाळू लागले. कोरडेपणा हाच पापडाचा राखणदार, तो उन्हातूनच आला पाहिजे असं नाही, हे त्यांनी नेमकं हेरलं.

तेव्हा मजल्यावरच्या चार-पाच जणी मिळून एक मोठा टोप घ्या, टोमॅटो स्वस्त असतील तेव्हा एका दुपारी दोन-दोन बाटल्या भरा. बाटलीवर जिन्नस आणि तारीख लिहा, अंधाऱ्या कपाटात ठेवा, वर्षाच्या आत संपवा. आणि नवीन काहीही भरण्याआधी एकमेकींना एकच प्रश्न विचारा: याचा राखणदार कोण? उत्तर सापडलं नाही, तर तो जिन्नस आज रात्रीच्या जेवणातच वाढा.